आधी पाणी बघा, मग रंग: खाडीत रबरी माशाने गरवायला निघालेल्या नवख्यांसाठी

फिशिंगच्या दुकानात भिंतीभर पाकिटं टांगलेली असतात. पोपटी, गुलाबी, चंदेरी चमकी घातलेली, शेपूट वेगळ्या रंगाची. नवा माणूस त्या भिंतीसमोर उभा राहतो आणि रंग निवडतो. मीही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी माझ्या डब्यात एकोणीस रंगांचे रबरी मासे, म्हणजे गळावर चढवायची खोटी आमिषं होती, आणि ती ज्यावर चढवायची ते शिशाची गोळी असलेले गळ, म्हणजे जिगहेड, सगळे एकाच वजनाचे, सात ग्रॅमचे. सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत नेरूरपारच्या बाजूला उधाणाच्या ओहोटीत ते टाकले की पिंपळपान वाहत जावं तसे वाहत जायचे. तळ कधी लागायचाच नाही. बाजूला होडी बांधत असलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी माझा गुलाबी मासा हातात घेऊन उलटापालटा केला. "ह्यां काय रे झिला? पोरांचा खेळणा?" मी त्यांना रंगाचं शास्त्र समजावू लागलो, तर मध्येच म्हणाले, "आदी पाणी बघ. मगे खेळणा."

पुढे दोन वर्षं घालवून मी तेच शिकलो, ते तुम्हाला एका बैठकीत वाचता येईल. क्रम असा: पाणी, वजन, शेपूट, माप आणि सगळ्यात शेवटी रंग. दुकानाची भिंत हा क्रम बरोबर उलटा शिकवते.

काय धरायचं, कशाने

मी लिहितोय ते कोकणातल्या खाड्यांबद्दल. दाभोळ, जयगड, कर्ली, तेरेखोल, नाहीतर गोव्यातली शापोरा, झुआरी. तत्त्व सगळीकडे सारखं. सॉफ्ट प्लॅस्टिकला, म्हणजे या रबरी माशांना, इथे मुख्यतः लागतो तो चोणक, म्हणजे रायगडवाल्यांचा जिताडा. खारफुटीच्या मुळांत आणि खडपात तांबोशी आणि गोबरा. खाडीच्या मुखाजवळ नशीब असेल तर रावस.

सामान थोडक्यात. सात फुटांच्या आसपासचा, १० ते ३० ग्रॅम फेकणारा रॉड. ३००० किंवा ४००० मापाचं रीळ. त्यावर २० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा आणि पुढे गळाशी दोन हात ३० ते ४० पौंडी लीडर, म्हणजे जाड दोऱ्याचा तुकडा. आपला नेहमीचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, वापरला तर काम होत नाही असं नाही, पण तंगूस ताणतो. ब्रेडेड ताणत नाही, त्यामुळे जिगहेड चिखलाला टेकला की खडकाला, हे हाताला कळतं. सॉफ्टने मासेमारी म्हणजे निम्मं काम या कळण्याचं आहे. लीडर मात्र जाड हवाच. चोणकाच्या गालफडाची कड पात्यासारखी धारदार असते आणि खडपावरची कालवं तर ब्रेडेड दोरा कागदासारखा कापतात.

पायरी पहिली: दहा मिनिटं काहीही फेकू नका

घरून निघण्याआधी तिथी बघा. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, आणि अंदाजापुरता तो हिशोब अजूनही पुरतो. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती साडेचारच्या सुमारास. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, हे धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे पाण्याला जोर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी सुस्त. तुमच्या डब्यातलं कुठलं वजन आज लागणार हे घरी बसूनच अर्धं ठरतं.

पोचल्यावर बघायच्या गोष्टी दोन. पाणी किती जोरात वाहतंय आणि किती गढूळ आहे.

जोर बघायला एक सुकं पान टाका आणि त्याच्या बरोबरीने काठाने चाला. सहज चालीने तुम्ही पानाच्या पुढे गेलात तर पाणी बेताचं. पान बरोबरीने आलं तर जोराचं. पळावं लागलं तर चहा प्यायला जा, तासाभराने या.

गढूळपणा बघायला पांढरा रबरी मासा लीडरला बांधून जेट्टीवरून सरळ खाली सोडा. वीतभर खाली गेल्यावर दिसेनासा झाला तर पाणी गढूळ. हातभर ते कमरभर दिसत राहिला तर मध्यम, आणि हे सगळ्यात चांगलं पाणी. पुरुषभर खालीही दिसत असेल तर ते स्वच्छ, म्हणजे माशालाही तुमचा दोरा, गाठ, तुमची सावली सगळं दिसतंय. ही तपासणी मी अजूनही दर वेळी करतो. सकाळी मध्यम असलेलं पाणी ओहोटीच्या शेवटी चहासारखं झालेलं असतं, आणि आपण मात्र सकाळचाच मासा फेकत बसलेलो असतो.

पायरी दुसरी: वजन

जिगहेड म्हणजे शिशाची गोळी ओतलेला गळ. त्याचं वजन ठरवतं की रबरी मासा कुठल्या थरातून आणि किती वेगाने जाणार. चोणक बऱ्याचदा तळाजवळ, एखाद्या खांबाच्या किंवा मुळाच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. तुमचा मासा त्याच्या डोक्यावरून दीड मीटर वर गेला तर रंग कुठला होता याला काही अर्थ नाही.

कसोटी सोपी आहे. प्रवाहाला थोडं तिरकं, वरच्या अंगाला फेका. रिळाची बेल, म्हणजे दोरा मोकळा सोडणारी तार, बंद करा आणि मोजायला लागा. तळ लागला की ताणलेला दोरा एकदम सैल पडतो. दोन मीटर पाण्यात चारपाच आकड्यांत तळ लागला तर वजन बरोबर. दोन आकड्यांतच धप्प झालं तर जड आहे. प्रत्येक वेळी चिखलात रुतेल आणि वर गवत घेऊन येईल. दहा मोजून झाले तरी दोरा वाहतच असेल तर हलकं आहे. पडता पडता मासा जे हेलकावे घेतो त्यातच बहुतेक चोणक तोंड टाकतात, म्हणून मी तळ लागेल एवढंच, त्याहून जड नको, या बाजूला झुकतो.

आकड्यांत सांगायचं तर भांगाच्या दिवशी, दीडदोन मीटर पाण्यात ५ ते ७ ग्रॅम पुरतात. मधल्या दिवसांत १० ग्रॅम. उधाणाला, खाडीच्या मुख्य धारेत, तीनचार मीटर खोलीवर १४ ते २१. पुलाच्या खांबांमध्ये पाणी आवळून जोरात निघतं तिथे २८ ग्रॅमही कधी कमी पडतात. खारफुटीच्या कडेला गुडघाभर पाण्यात मात्र ३ ते ५ ग्रॅम, नाहीतर अजिबात वजन नसलेला नुसता गळ.

इथे एक गोष्ट मुंबई-रायगडकडच्यांसाठी. तिकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या घरात जाते, सिंधुदुर्ग-गोव्यात ती जवळपास निम्मी असते. त्यामुळे रेवदंड्याला किंवा धरमतरला माझे आकडे एक पायरी वर सरकवा. आणि मालवणचे व्हिडिओ बघून पाच ग्रॅमचे डझनभर जिगहेड मागवू नका.

पायरी तिसरी: रबर सरळ चढवणं

हा निवडीचा भाग नाही, पण नवख्याची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून थांबून सांगतो.

रबरी मासा जिगहेडच्या शेजारी धरा, नाकाला गोळी टेकवून. गळाचा बाक जिथे येतो तिथे माशाच्या पाठीवर नखाने खूण करा. आता टोक नाकाच्या बरोबर मध्यातून आत घाला आणि मासा गळावर सरकवत न्या, उशीत अभ्रा घालताना घालतो तसा, थोडा थोडा. खुणेपाशी टोक पाठीतून बाहेर काढा. शेवटी नाक गोळीला घट्ट टेकलं पाहिजे. मग दोन बोटांत धरून समोरून बघा. पाठ वाकलेली दिसते? अंग गोळा झालंय? काढा, परत घाला. अर्धा सेंटिमीटर चुकला तरी मासा पाण्यात भिंगरीसारखा फिरतो, दोरा पिळतो, आणि फिरणारा मासा चोणकाने घेतलेला मी अजून पाहिला नाही. नाकाशी फेविक्विकचा एक थेंब लावला की तो दहा फेकींनी खाली घसरत नाही. बोटं मात्र सांभाळा.

पहिल्यांदा घरच्या हौदात किंवा टाकीत हाताने ओढून बघा. अगदी सावकाश ओढल्यावरही शेपूट हलते ना, अंग डावीकडे-उजवीकडे डुलतं ना, हे खाडीवर गेल्यावर दिसत नाही.

गळाचं माप रबराच्या मापावर. तीन इंची माशाला २/० च्या आसपास, चार इंचीला ३/० किंवा ४/०, पाच इंचीला ५/०. गळ बारीक असेल तर टोक रबरातच राहतं आणि मासा 'ठक' करून सुटतो.

खारफुटीच्या मुळांत, बुडालेल्या झाडांत उघडा गळ टाकणं म्हणजे दुकानदाराची दिवाळी. तिथे ऑफसेट गळ घ्या, ज्याचं टोक पाठीच्या कातडीखाली लपतं आणि मासा चावल्यावरच बाहेर येतं. पोटाला थोडं वजन असलेले मिळतात ते उत्तम. तरीही अडकेलच. अडकला तर दोरा हाताला न गुंडाळता, फडक्यात धरून सरळ मागे ओढा. फांदी तोडायची नाही. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, आणि तसंही तुमचा पुढचा तांबोशी त्याच फांदीखाली राहणार असतो.

पायरी चौथी: शेपूट

माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर जाणवते. डोळ्याने दिसत नसेल तेव्हा तो या रेघेवर शिकार करतो. म्हणून शेपटीची निवड पाण्याच्या गढूळपणावर.

गढूळ पाण्यात बुटासारखी जाड, आडवी शेपूट असलेला पॅडल टेल. ती शेपूट ठप ठप पाणी ढकलते. रॉड नीट धरलात तर टोकाला ती थाप जाणवते. जाणवत नसेल तर तुम्ही फार हळू ओढताय किंवा शेपटीला गवत लागलंय.

मध्यम पाण्यात तोच पॅडल टेल, पण अंगाने सडपातळ. जोराच्या प्रवाहातही सडपातळच बरा, कारण जाड अंगाला पाणी उचलून धरतं आणि मग तळासाठी उगाच वजन वाढवावं लागतं.

स्वच्छ पाण्यात फार थरथर नको. तिथे जर्क शॅड, म्हणजे सरळ अंगाचा, दुभंगलेल्या किंवा सुईसारख्या शेपटीचा. नुसता ओढला तर तो काठीसारखा येतो, म्हणून नवख्यांना आवडत नाही. रॉडच्या टोकाने दोन छोटे झटके द्या आणि सोडून द्या. झटक्याला तो बाजूला उडतो आणि मग जखमी बोय माशासारखा कुशीवर खाली जातो. थांबण्याची ती दोन सेकंदं सोसता आली पाहिजेत.

कर्ल टेल, म्हणजे विळ्यासारखी वळलेली पातळ शेपूट, बारीक माशांसाठी आणि भांगाच्या सुस्त पाण्यासाठी. पडतानाही ती हलत राहते, त्यामुळे हात न बसलेल्या माणसाला तिने मासा लवकर मिळतो. माझा पहिला गोबरा तीन इंची कर्ल टेलवरचाच.

आणि कोळंबी. रबरी कोळंबी दिसायला इतकी खरी असते की सगळे आधी तीच विकत घेतात. जोराच्या पाण्यात तिचा काही उपयोग नाही. तिची जागा म्हणजे संध्याकाळी पाणी थांबतं तो अर्धा तास, किंवा रात्री पुलाच्या दिव्याखाली. दिव्याच्या उजेडाला खरी कोळंबी गोळा होते आणि चोणक सावलीच्या कडेला, काळोखात उभा राहतो. उजेडाच्या मधोमध फेकू नका. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून, उजेड-काळोखाच्या रेघेवरून तिला नुसती वाहत येऊ द्या. रीळ फिरवायचं ते फक्त दोऱ्याचा ढिलेपणा काढण्यापुरतं.

पायरी पाचवी: माप, आणि मग रंग

मापाचा नियम खाडीलाच विचारून घ्यायचा. काठाला बघा, पाण्यात काय पळतंय. बोयची पिल्लं बोटाएवढी असतील तर तीन इंच. पाऊस संपल्यावर ती वाढतात, तेव्हा चार. मुखाशी पेडवे (तारलीसारखे छोटे मासे) आले असतील तर चार इंची सडपातळ. गढूळ पाण्यात एक माप मोठं, स्वच्छ पाण्यात एक माप लहान. फक्त एकच माप घेणार असाल तर चार इंची, डोळे मिटून.

रंगाबद्दल खूप ऐकाल. निम्मं ऐकलेलं स्वच्छ समुद्राचं किंवा परदेशी तळ्यांचं असतं. स्वच्छ समुद्रात खाली जाताना लाल रंग सगळ्यात आधी विझतो, पाचसहा मीटरवर तो काळपट दिसायला लागतो, निळा खोलवर टिकतो. पाना-मुळांच्या अर्काने आणि मातीने तपकिरी झालेल्या खाडीत उलटं होतं: निळा आधी मरतो, पिवळा-नारिंगी उजेड जास्त खाली पोचतो. म्हणून तो सुंदर निळा-चंदेरी मासा, जो दुकानात सगळ्यात खरा वाटतो, आपल्या खाडीत राखेच्या रंगाचा होऊन जातो.

मी तीन रंगांवर काम चालवतो. मोतिया पांढरा, मध्यम पाण्यासाठी आणि काही कळेनासं झालं की. पोपटी किंवा सोनेरी झाक, गढूळ पाण्यात, ढगाळ दिवशी. आणि एक काळपट: काळा, जांभळा, किंवा ज्याला मोटर ऑइल म्हणतात तसा मातकट हिरवा. काळपट कशाला? रात्री आणि अगदी लाल पाण्यात माशाला रंग दिसत नाही, आकृती दिसते. खालून वर बघितलं की आकाश काळोख्या रात्रीही पाण्यापेक्षा उजळ असतं, आणि त्यावर काळी आकृती सगळ्यात ठळक उठते. लोकांना हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

स्वच्छ पाण्यासाठी हवा तर एक चौथा: अर्धपारदर्शक, हिरवट पाठीचा, थोडी चंदेरी चमक. कडक ऊन असेल तर चमक कमी.

ऋतूप्रमाणे

पावसाळ्यापासून सुरू करतो, कारण नवख्यांना वाटतं की तेव्हा मासेमारी बंदच असते. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यंत्रावर चालणाऱ्या नौकांसाठी असते, त्यामुळे होडी भाड्याने घेऊन बाहेर पडायचा विचार त्या दिवसांत नको. खाडीकाठ मात्र तेव्हा जागा असतो. जांभ्याची लाल माती घेऊन आलेलं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं; भरतीचं खारं पाणी जड, ते त्याच्या खालून पाचरीसारखं आत शिरतं. वरून सगळं लालभडक दिसतं, आणि खाली दीड मीटरवर पाणी बरंच निवळ असू शकतं. भरती चढत असताना एक पायरी जड जिगहेड लावा, जाड शेपटीचा काळपट किंवा पोपटी पॅडल टेल तळाशी नेऊन सावकाश ओढा. वरच्या थरात वेळ घालवू नका.

पावसाळ्यातली दुसरी जागा म्हणजे खारबंदिस्तीची उघाडी, खारं पाणी अडवणाऱ्या शेताच्या बांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी उघाडीतून खाडीत उतरतं, सोबत कोळंबी, बारकी मासळी, बेडकं. गढूळ आणि त्यातल्या त्यात निवळ पाणी जिथे मिळतं तिथे एक रेघ दिसते, फेसाची. मासा त्या रेघेच्या निवळ बाजूला असतो. रेघेला समांतर फेकायला मिळालं तर उत्तम. फक्त तिथे शेतकऱ्याला विचारून उभे राहा, आणि बांधावर टोकाला जाऊ नका.

वीज कडाडायला लागली की रॉड खाली ठेवून निघायचं. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि तो तुम्ही आकाशाकडे करून उभे असता. इथे थट्टा नाही.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा काळ नवख्याने सोडू नये. पाणी निवळायला लागतं, उकाडा असतो, बारकी मासळी काठाला दाट असते. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात पहाटेचे दोन तास आणि मावळतीचा एक तास, चार इंची मोतिया, दहा ग्रॅम, खारफुटीच्या कडेला ओहोटीचे पहिले दोन तास. पाणी उतरताना मुळांतली बोय बाहेर यावी लागते आणि चोणक तोंडाशी वाट बघत असतो. याहून सोपी मासेमारी वर्षात नाही.

थंडीत पाणी स्वच्छ होतं आणि मासा सुस्तावतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, मुखाजवळ पाणी आरशासारखं पडतं. तीन इंची जर्क शॅड, लीडर एक नंबर बारीक, जिगहेड पाच-सात ग्रॅम, आणि थांबे लांब. सूर्य वर आला की चिखलाच्या उथळ कडेवर पाणी आधी तापतं. दहा-अकराला, भरती त्या तापलेल्या चिखलावर चढत असताना मला थंडीतले बरेचसे मासे मिळालेत. पहाटे कुडकुडत बसण्याची हौस असेल तर बसा, मी हल्ली न्याहरी करून निघतो.

उन्हाळ्यात दुपारी खारे वारे सुटतात. वारा दोऱ्याला धनुष्यासारखा बाक देतो आणि मासा तोंड लावून गेला तरी कळत नाही. उपाय: वजन एक पायरी वर, अंग सडपातळ, फेक खालून सपाट, आणि फेकल्याबरोबर रॉडचं टोक पाण्याजवळ. वाऱ्याला पाठ करून सोप्या बाजूला फेकावंसं वाटतं. पण वारा ज्या काठावर लाटा आपटतो तिथलं पाणी ढवळून मध्यम गढूळ होतं, बारकी मासळी तिथेच ढकलली जाते. त्रास तिकडेच आहे आणि मासाही तिकडेच. हवेच्या दाबाचे आकडे बघून निघणारे मित्र माझे आहेत. मला अजून तिथी आणि वारा यांच्यापलीकडे काही बघावं लागलेलं नाही.

ढगाळ दिवशी चोणक आडोसा सोडून फिरतो, तेव्हा जास्त पाणी झोडपा: पॅडल टेल, सरळ ओढ. कडक उन्हात तो सावलीला चिकटतो, तेव्हा एकाच खांबाला दहा वेळा फेका.

गोड्या पाण्याचं दोन ओळींत. जलपर्णी आणि शेवाळ माजलेल्या तळ्यात मरळीसाठी पोकळ रबरी बेडूक, ज्याचे दोन्ही गळ अंगाला चिकटून असतात. पाण्यावरून वाजवत नेलात तर मरळ खालून पर्णी फोडते. मात्र झटका लगेच देऊ नका, एक श्वास थांबा. धरणं-तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आधी विचारा. खाडीतही मालवणच्या किनाऱ्यावर सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासूनचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नाही.

पहिला डबा

चार इंची पॅडल टेल, मोतिया आणि पोपटी, एकेक पाकीट. चार इंची काळपट एक. तीन इंची जर्क शॅड एक. तीन इंची कर्ल टेल एक. जिगहेड ५, १०, १४ आणि २१ ग्रॅमचे, प्रत्येकी पाच. ऑफसेट गळ चारपाच. यात पैसे रंगांपेक्षा जिगहेडांवर जास्त जातील, ते बरोबर आहे.

रबर दोन जातींचं असतं हे दुकानात कुणी सांगत नाही. नेहमीचं मऊ, तेलकट रबर म्हणजे पीव्हीसी. दुसरं टीपीई: ते रबरबँडसारखं दुप्पट-तिप्पट ताणतं, सहसा फाटत नाही आणि पाण्यावर तरंगतं. तळावर उभं राहून शेपूट वर करतं, म्हणून खेकडा-कोळंबीच्या आकारात ते छान. पण दोन्ही जाती एका कप्प्यात ठेवू नका. मी ठेवल्या होत्या. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत आठ दिवस राहिलेला डबा उघडला तर आत बावीस मासे मिळून एक गुळाची ढेप झाली होती, आणि डब्याचं झाकण तळाला चिकटलेलं. तेव्हापासून प्रत्येक जात आपापल्या मूळ पाकिटात. पाकिटात दुमडून वाकडी झालेली पीव्हीसीची शेपूट उकळतं पाणी कपात घेऊन त्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ धरून गार पाण्यात टाका, नव्यासारखी होते.

फाटलेलं रबर खाडीत टाकायचं नाही. ते कुजत नाही, आणि कुठल्यातरी माशाच्या पोटात बसतं. खिशात घालून आणा. चोणकाबद्दलही एक माहिती असू द्या: तो जन्माला नर म्हणून येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तुम्हाला फोटोसाठी हवा असलेला तो मोठा मासा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी. मी पाच किलोच्या वरचे सोडतो. आई अजून रागावते.

घरी आल्यावर जिगहेड गोड्या पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गंज. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीच्या चौकोनात एक ओळ लिहा: पाणी किती दिसलं, वजन, शेपूट, रंग, काय मिळालं. माझ्या गेल्या अश्विनातल्या तीन नोंदी अशा आहेत. "वद्य चतुर्थी, हातभर, १० ग्रॅम, मोतिया, चोणक दीड किलो." "षष्ठी, वीतभर, १० ग्रॅम, मोतिया, काही नाही." "षष्ठी, संध्याकाळ, तीच जागा, १४ ग्रॅम, काळा जाड शेपटीचा, दोन लागले, एक खांबाला गुंडाळून गेला."